ज्येष्ठमधाचा कंटेनर

नमस्कार श्रोतेहो.

घरात कुणाला खोकला झाला की माझी आई फडताळातल्या डब्यातून ज्येष्ठमधाची काडी काढून हातावर ठेवायची. "चघळत बस, बोलू नकोस." बाहेरून तपकिरी, आतून पिवळसर, गोडसर काडी. तुमच्याही घरी असेलच.

तर सप्टेंबर २०२२. दिल्ली पोलिसांनी दोन अफगाण नागरिकांना पकडलं, आणि त्यांच्या चौकशीतून धागा निघाला तो थेट आपल्या उरणजवळच्या न्हावाशेवा बंदरापर्यंत. तिथे एक कंटेनर उभा होता. आत ज्येष्ठमध, वीस टनांहून अधिक. आणि त्या मुळांवर थर होता हेरॉइनचा! किंमत सांगितली गेली सुमारे १,७२५ कोटी रुपये. खोकल्याच्या औषधावर विषाचा लेप. मी ही बातमी वाचली तेव्हा आईचा डबाच डोळ्यांसमोर आला.

त्याच्या दोनच वर्षं आधी, ऑगस्ट २०२०मध्ये, ह्याच बंदरात १९१ किलो हेरॉइन सापडलं होतं. प्लास्टिकच्या नळ्या, बांबूसारख्या रंगवलेल्या, आणि सांगायला नाव आयुर्वेदिक औषधाचं. माल अफगाणिस्तानातून इराणमार्गे आलेला. आता हिशोब ऐका. आपल्या १९८५च्या अंमली पदार्थविरोधी कायद्यात हेरॉइन पाव किलो भरलं की ते 'व्यापारी प्रमाण' धरतात, आणि शिक्षा किमान दहा वर्षांची. पाव किलो! आपण पाव किलो भेंडी आणतो, तेवढंच. आणि इथे १९१ किलो.

२०१९मध्ये अटारीला पाकिस्तानातून आलेल्या सैंधवाच्या गोण्यांत ५३२ किलो सापडलं. २०२१मध्ये गुजरातेत मुंद्रा बंदरावर शंखजिऱ्याच्या, म्हणजे टाल्कम पावडरीच्या दगडाच्या, नावाखाली जवळजवळ तीन हजार किलो. मीठ, मुळ्या, दगड. रोजच्या वापरातल्या, कुणाला संशय येऊ नये अशाच वस्तू.

बंदरात वर्षाला लाखो कंटेनर येतात, प्रत्येक उघडणं शक्य नाही. म्हणून आधी कागद वाचायचा. माल कुणी मागवला? पूर्वी कधी मागवला होता? मुंद्र्याचा माल विजयवाड्याच्या पत्त्यावरचा होता. मग तो इतक्या लांब गुजरातेत का उतरवायचा? पुन्हा सांगते, आधी कागद, मग क्ष-किरणांनी तपासणी, मग कुलूप उघडायचं. उन्हातान्हात कंटेनर उपसणाऱ्या कस्टमच्या माणसांचं कौतुक आपण करत नाही, ह्याची मला फार खंत वाटते. क्रिकेटपटूंच्या मिरवणुका निघतात, ह्यांच्या कधी निघणार?

आणि हा माल शेवटी कुणाच्या तरी गल्लीत, कॉलेजच्या कट्ट्यावरच पोचतो. तुमच्या भागात असं काही दिसलं, तर २०२४पासून 'मानस' ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. तुमचं नाव गुप्त राहतं. नंबर लिहून घ्या: १९३३. एक, नऊ, तीन, तीन.

नमस्कार.