प्लग लागलाय ना?

(दृश्य: स्किल लॅब. जमिनीवर मॅनिकिन, म्हणजे सरावासाठीचा माणसाचा पुतळा. एक विद्यार्थिनी गुडघ्यांवर बसते, हातावर हात ठेवते.)

हृदय बंद पडलेल्या माणसाला दाब द्यायचे (सीपीआर) ते छातीच्या मधोमध, उरोस्थीच्या म्हणजे छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर. कोपर ताठ. मिनिटाला १०० ते १२० दाब, प्रत्येक दाब ५ ते ६ सेंटिमीटर खोल. ३० दाब झाले की २ श्वास. हे आकडे तिला तोंडपाठ आहेत. परीक्षेत ती एकही चुकली नव्हती.

आता तिचे हात बघा.

(दृश्य: मॅनिकिनला जोडलेल्या पडद्यावर दाबाची रेषा. हळूहळू उथळ होत जाते.)

पहिलं मिनिट छान जातं. दुसऱ्या मिनिटात दाब उथळ व्हायला लागतात आणि तिला पत्ताच नसतो. थकवा जाणवायच्या आधीच हात कमी पडतात, म्हणून दर २ मिनिटांनी दाबणारा माणूस बदलायचा असतो. दुसरी चूक तर फारच नेहमीची. दाब दिल्यावर हातांचा भार छातीवरच राहतो. छाती पूर्ण वर आली नाही, तर हृदयात रक्त भरणार कसं? अगदी उत्तम दाब दिले, तरी नेहमीच्या रक्तप्रवाहाच्या पाव ते एकतृतीयांश एवढाच प्रवाह मिळतो. त्यातलं जे सांडलं, ते मेंदूच्या वाट्याचं सांडलं.

"पूर्ण वर येऊ दे. थांबू नकोस. वर येऊ दे," बाजूला उभ्या असलेल्या मॅडम सांगतायत.

प्रशिक्षणानंतर ३ ते ६ महिन्यांतच हे कौशल्य हातातून निसटायला लागतं. प्रमाणपत्र मात्र तसंच राहतं. त्यामुळे वर्षातून एकदा दिवसभर शिकवण्यापेक्षा दर थोड्या आठवड्यांनी दहा मिनिटं, वॉर्डातच, मॅनिकिन आणून सराव घेणं मला कितीतरी मोलाचं वाटतं.

(दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं. विजेचे खांब, तारा.)

छातीवर दाब देण्याच्या या पद्धतीमागे एक विद्युत अभियंता आहे. विल्यम कौवेनहोवेन. विजेच्या तारांवर काम करणारी माणसं झटका बसून मरत होती. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात तो त्यावर संशोधन करत होता, आणि त्यासाठी पैसा येत होता तो वीज कंपन्यांकडून. १९५८ साली त्याच्या प्रयोगशाळेतल्या गाय निकरबॉकरला एक गोष्ट दिसली. डिफिब्रिलेटर म्हणजे हृदयाला विजेचा शॉक देणारं यंत्र. त्याची जड पॅडल्स कुत्र्याच्या छातीवर दाबली की शॉक देण्याआधीच रक्तदाब थोडा वर जातो. शल्यविशारद जेम्स ज्यूड त्यांच्यासोबत आले आणि १९६० मध्ये तिघांनी ही पद्धत जगापुढे मांडली. ती करायला दोन हात पुरतात, असं त्यांनी लिहिलं.

दोन हात वेळ मिळवून देतात. हृदयाच्या कप्प्यांची नुसती थरथर सुरू असेल, तर ती थांबवायला शॉकच लागतो. शॉक क्षणभर सगळा गोंधळ शांत करतो आणि हृदयाला स्वतःची लय पुन्हा धरायची संधी देतो. हृदयाचे ठोके दाखवणाऱ्या पडद्यावर सरळ रेषा असेल, तर शॉकचा उपयोग नाही. चित्रपटांनी हे बरोबर उलटं शिकवलंय आणि विद्यार्थ्यांच्या मनातून ते काढायला वेळ लागतो.

एका शॉकसाठी वीज किती? समजा, २०० ज्यूल. ९ वॅटचा एलईडी दिवा तेवढ्यात जेमतेम २२ सेकंद जळेल.

(दृश्य: रात्र. वॉर्डच्या कोपऱ्यात क्रॅश कार्ट, म्हणजे आणीबाणीच्या साहित्याची ढकलगाडी. डिफिब्रिलेटरवर बारीकसा दिवा.)

एवढीशी वीज, पण ती त्या क्षणी बॅटरीत असायला हवी. रुग्णालयात वीज वाचवायची मोहीम सुरू आहे. 'वापरात नसलेली उपकरणं बंद ठेवा' अशी सूचना भिंतीवर लागलेली आहे. रात्रपाळीची विद्यार्थिनी एकेक बटण बंद करत येते आणि या कोपऱ्यापाशी थबकते. कित्येक आठवड्यांत हे यंत्र कुणी वापरलेलं नाही.

"सिस्टर, हे पण काढू?"

"नाही गं. ते चार्जिंगलाच राहू दे."

तिने विचारलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. प्लग काढलेलं यंत्र दिसायला तसंच दिसतं.

मग वाचवायची कुठे? रुग्णालयाची बरीचशी वीज जाते हवेवर. ती थंड करायला, गाळायला, ढकलायला. शस्त्रक्रियागृहातली हवा तासाला साधारण २० वेळा बदलली जाते. रात्री तिथे कुणी नसतं, तरी बऱ्याच ठिकाणी पंखे पूर्ण वेगाने फिरत राहतात. आणि पंख्याचं गणित विलक्षण आहे. वेग २० टक्क्यांनी उतरवला, तर वीज जवळपास निम्मी लागते, कारण ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. खोली रिकामी असताना वेग कमी करायचा, मात्र आतला हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा थोडा जास्तच ठेवायचा, म्हणजे धूळ आणि जंतू आत शिरत नाहीत. हे काम अभियंत्याचं. पण खोली खरंच रिकामी कधी असते आणि पहाटे अचानक लागली तर किती आधी तयार हवी, हे त्याला सांगणार परिचारिका.

(दृश्य: दिवे जातात. काही सेकंद अंधार. हलती विजेरी.)

जनरेटर सुरू व्हायला काही सेकंद लागतात. व्हेंटिलेटर आपल्या बॅटरीवर चालू राहतो. बॅटरी जुनी असेल, तर तोही बंद पडतो, आणि मग हातात घ्यायची ती अॅम्बू बॅग, हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी. श्वासनलिकेत नळी घातलेल्या मोठ्या माणसाला दर ६ सेकंदांनी एक श्वास, छाती उचललेली दिसेल एवढाच. घाबरलेला हात भराभर दाबतो. हवा जास्त भरली की छातीतला दाब वाढतो आणि हृदयाकडे परतणारं रक्त अडतं. भिंतीवरच्या कुठल्या सॉकेटला जनरेटरची वीज येते, हेही विद्यार्थिनीला अंधारात माहीत हवं. ते उजेडात दाखवून ठेवावं लागतं, पहिल्याच दिवशी.

(दृश्य: पहाट. पाळी बदलते. दोन विद्यार्थिनी क्रॅश कार्टपाशी उभ्या.)

"शॉकचे पॅड्स?"

"आहेत. मुदत बघितली."

"अॅम्बू बॅग?"

ती तळहातावर दाबून बघते. हवा येते.

"प्लग?"

ती वाकते, भिंतीपर्यंत वायर बोटांनी चाचपत जाते, प्लग आत दाबते आणि वहीत वेळ लिहिते.