वर्गात बंदी, वसतिगृहात भाषा

मंडळी, कर्णबधिरांची शाळा आणि अंधांची शाळा ही नावं आपण एका दमात घेतो. काही ठिकाणी ती खरोखरच एक होती. म्हैसूरला 1901 साली दोघांसाठी मिळून एकच शाळा निघाली. अमेरिकेत व्हर्जिनियात तर 1839 सालीच. इमारत एक, देणगीदार तेच, हिशेबाला सोयीचं. पण वर्गात गरजा अगदी उलट्या: एकाला कानांनी आणि बोटांनी शिकायचं, दुसऱ्याला डोळ्यांनी. दोघांचा इतिहासही वेगवेगळ्या वाटांनी गेला. आज रत्नागिरीत मला त्याबद्दल बोलायचंय.

अंधांचं थोडक्यात सांगतो. सहा ठिपक्यांची लिपी बनवणारा लुई ब्रेल स्वतः अंध, पॅरिसच्या अंधशाळेतलाच विद्यार्थी. त्याची लिपी 1829 साली छापून आली. शाळेनं ती लगेच स्वीकारली नाही, पण मुलांनी ती सोडली नाही. आपल्याकडे अमृतसरला 1887 साली अंधशाळा निघाली, मुंबईत 1900 साली अमेरिकन मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी. भारतीय भाषांसाठी समान अशी भारती ब्रेल यायला मात्र 1951 उजाडलं. पाटीवर उजवीकडून डावीकडे ठिपके टोचायचे आणि कागद उलटून डावीकडून वाचायचे, हे आठ वर्षांचं मूल सहज करतं. आपल्या पावसात कागद सर्दावतो, ठिपके बसतात, म्हणून इथे वह्या जपाव्या लागतात.

म्हणजे अंधांना त्यांच्यातल्याच एकानं दिलेली लिपी अखेर शाळेनं मान्य केली. कर्णबधिरांची स्वतःची भाषा मात्र शाळेनं काढून घेतली.

1880 साली इटलीत मिलानला शिक्षकांची परिषद भरली आणि खुणांची भाषा बाजूला सारून फक्त तोंडी पद्धतीनं शिकवावं, असा ठराव झाला. मत देणारे जवळजवळ सगळे ऐकू येणारे! त्यानंतर पाचच वर्षांनी, 1885 साली, बिशप लिओ म्युरिन यांच्या पुढाकारानं मुंबईत भारतातली पहिली कर्णबधिर शाळा सुरू झाली. पुढे कित्येक दशकं आपल्या बहुतेक शाळांवर याच तोंडी पद्धतीचा पगडा राहिला.

ती पद्धत कशी? बाई मुलाचा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवतात, कंप जाणवावा म्हणून. ओठांपुढे कागदाची पट्टी धरतात. 'प' म्हटलं की ती हलायला हवी. समोर आरसा. या बाईंच्या चिकाटीबद्दल मला मनापासून आदर आहे. पण आरशात बघून 'बाळ', 'माळ', 'पाळ' म्हणून पाहा. ओठ तिन्ही वेळा सारखेच मिटतात. ज्याला ऐकूच येत नाही, त्यानं फरक ओळखायचा कशावरून?

मग मुलं बोलायला कुठे शिकली? वसतिगृहात. जेवणाच्या पंगतीत, नळावर, रात्री दिवे मालवायच्या आधी, मोठ्या मुलांकडून लहानांनी हातांची भाषा उचलली. वर्गात त्यासाठी हातावर पट्टी बसायची, तरी ती पिढ्यान्‌पिढ्या टिकली. शाळेच्या अहवालांत याची नोंद सापडणार नाही, पण माझ्या मते शाळेचा खरा इतिहास हाच.

2010 साली कॅनडात व्हँकुव्हरला भरलेल्या कर्णबधिर-शिक्षणाच्या परिषदेनं मिलानच्या ठरावाबद्दल खेद व्यक्त केला. आपल्या 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सांकेतिक भाषेला स्थान मिळालं आणि 2018 साली भारतीय सांकेतिक भाषेचा तीन हजार शब्दांचा कोश आला.

आता कोकणाकडे या. बहुतेक कर्णबधिर मुलं ऐकू येणाऱ्या घरांत जन्मतात. डोंगरातल्या एखाद्या वाडीत असं एकच मूल असतं. घरच्या चार खुणांपलीकडे त्याच्याकडे भाषा नसते. सर्वसमावेशक शिक्षण म्हणून त्याला गावच्या शाळेत बसवायचं म्हटलं, तर आपल्यासारखं दुसरं मूल त्याला भेटणार कुठे? विशेष शाळांची वसतिगृहं चालू ठेवायची की बंद करायची, हे ठरवणाऱ्या बैठकीत तिथे वाढलेल्या माजी विद्यार्थ्यांना बोलवा, आणि सांकेतिक भाषेचा दुभाषा ठेवून त्यांचं म्हणणं आधी ऐका. एवढी माझी मागणी आहे.