बॅकअप आणि रीबूट: एकाच कामाची दोन टोके

श्रोतेहो, घरातल्या एकुलत्या एका फोनवर ज्यांनी नव्वदच्या दशकात बुलेटिन बोर्ड चालवला, असे काही जण समोर बसलेले दिसतात, त्यामुळे बीबीएस, म्हणजे मोडेमने (संगणक फोनलाइनला जोडणाऱ्या उपकरणाने) फोन लावून इतरांना संदेश वाचता-लिहिता येतील असा बुलेटिन बोर्डाचा संगणक, याहून जास्त सांगण्यात वेळ घालवत नाही. बॅकअप आणि रीबूट ही दोन वेगळी कामे आहेत असे आपण मानत आलो आणि तिथेच चुकलो, एवढेच मला आज मांडायचे आहे.

वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस यांनी १६ फेब्रुवारी १९७८ रोजी शिकागोत सुरू केलेल्या पहिल्या बोर्डावर फोनची घंटा वाजली की यंत्र नव्याने सुरू होऊन डिस्कवरून प्रोग्राम चढवून घेत असे. रीबूट हा तिथे रोजचा व्यवहार होता. आपण मात्र यंत्र चालू आहे तोवर त्याला हात लावायचा नाही, असा नेम धरला.

आमचा बोर्ड रात्री दहा ते सकाळी सहा चाले, कारण दिवसा फोन घरच्यांचा. ३८६ यंत्र, ४० एमबीची डिस्क आणि हडसन पद्धतीचा मेसेज बेस, म्हणजे संदेशांचा साठा. या पद्धतीत सगळ्या विभागांचा मजकूर एकाच फाइलमध्ये २५६ बाइटच्या तुकड्यांत राहतो आणि कोणता संदेश कोणत्या तुकड्यापासून सुरू होतो, ही नोंद दुसऱ्या फाइलमध्ये असते. पहाटे चारला बॅच फाइल, म्हणजे ओळीने चालणाऱ्या आज्ञांची फाइल, पुसलेले संदेश काढून बेस पॅक करी. एका पावसाळी पहाटे नेमकी तेव्हाच वीज गेली आणि दोन्ही फाइली बिघडल्या. गुरुवारच्या बॅकअपमधली मजकुराची एक फ्लॉपी वाचता येईना, म्हणून मी मजकूर रविवारच्या सेटमधून घेतला आणि नोंदी गुरुवारच्या ठेवल्या. यंत्र विनातक्रार सुरू झाले, एकही त्रुटी दिसली नाही, आणि मी निर्धास्त झोपलो. मधल्या दिवसांत पॅक झाल्याने तुकडे सरकले होते, हे माझ्या लक्षातच आले नाही. वडिलांच्या बायपासबद्दल विचारणाऱ्या एका सदस्याने डॉक्टर सदस्याचे उत्तर उघडले, तर त्यात जुनी स्कूटर विकण्याची जाहिरात होती. त्याचा फोनवरचा आवाज मला आजही आठवतो. पुढे तीन रात्री सदस्यांनी ऑफलाइन वाचण्यासाठी उतरवून घेतलेली क्यूडब्ल्यूके पाकिटे, म्हणजे संदेशांचे बांधलेले गठ्ठे, फ्लॉपीवर आणून दिली, आणि त्यांतून मी संदेश एकेक करून जुळवले. माझ्या बॅकअपपेक्षा वाचकांच्या प्रती अधिक विश्वासार्ह ठरल्या, याचे दुःख आणि कृतज्ञता दोन्ही मनात आहेत.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा ज्यासाठी आपण जमलो ती कार्यपद्धती थोडक्यात सांगतो. आधी मोडेमला एटीएच१ ही आज्ञा देऊन फोन उचललेला ठेवावा, म्हणजे मधेच कोणी आत येणार नाही. मग पॅक करावे, आणि त्यानंतर मेसेज बेसच्या सर्व फाइली एकाच वेळी, एकाच संचात घ्याव्यात. बदललेली तेवढीच फाइल घेण्याची काटकसर इथे घातक आहे. असे तीन संच आळीपाळीने वापरावेत. संचाची तपासणी केवळ झिप फाइल शाबूत आहे का एवढ्यावर थांबवू नये. तो वेगळ्या डिरेक्टरीत उघडून दहा-बारा संदेश डोळ्यांनी वाचावेत.

त्यानंतरच रीबूट करावे, आणि यंत्रात बसवलेला मोडेम असेल तर कंट्रोल-ऑल्ट-डिलीटवर विसंबू नये, कारण त्याने मोडेम मूळ स्थितीवर येतोच असे नाही. रीसेटचे बटण दाबावे. बॅच फाइलमध्ये एररलेव्हल, म्हणजे प्रोग्राम संपताना मागे ठेवतो तो निकालाचा आकडा, तपासताना मोठा आकडा आधी लिहावा, कारण ती अट 'इतका किंवा त्याहून जास्त' अशी चालते. बाहेरचा मोडेम तर संगणकाबरोबर रीसेट होतच नाही, म्हणून सुरू होतानाच्या फाइलमध्ये मोडेमला मूळ स्थितीवर आणणाऱ्या एटीझेड आज्ञेची ओळ असलीच पाहिजे. ती राहून गेली, तर एटीएच१ने उचललेला फोन तसाच राहतो, बोर्ड पडद्यावर व्यवस्थित चालू दिसतो आणि बाहेरून फोन लावणाऱ्याला रात्रभर एंगेज लागत राहतो.