पिंपाच्या फळ्यांचा पाय

श्रोतेहो, नमस्कार. अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेच्या, म्हणजे कॉन्फेडरेट राज्यांच्या बाजूने लढायला गेलेल्या आणि पुढे कृत्रिम पाय बनवणारा कारागीर म्हणून नावारूपाला आलेल्या जेम्स एडवर्ड हँगर यांच्याविषयी आज मी बोलणार आहे.

व्हर्जिनियातील चर्चव्हिलजवळ १८४३ साली जन्मलेले हँगर अभियांत्रिकी शिकत होते. १८६१ साली युद्धाला तोंड फुटताच शिक्षण अर्धवट टाकून ते गावच्या घोडदळाला जाऊन मिळाले. ज्या पक्षासाठी ते निघाले तो गुलामगिरी टिकवण्यासाठी लढत होता, आणि हँगर यांच्याविषयी कितीही आपुलकी वाटली तरी हे झाकून ठेवता येत नाही. त्यांची शिपाईगिरी मात्र दोन दिवसांतच संपली. ३ जूनच्या पहाटे फिलिपी येथे उत्तरेच्या तोफा धडाडल्या आणि जमिनीवरून उसळलेला एक गोळा तबेल्यात घोड्याकडे धावलेल्या या अठरा वर्षांच्या पोराच्या डाव्या पायावर आदळला. शत्रूच्याच डॉक्टरने तो पाय मांडीतून कापला, म्हणून जीव वाचला.

कैद्यांच्या अदलाबदलीत ते घरी परतले, तेव्हा पायाच्या जागी लाकडाचा सरळसोट खुंट होता. तो गुडघ्यात वाकत नसे, आणि जिन्यावर तर प्रत्येक पायरीला अडे. हँगर वरच्या खोलीत दार लावून बसले. पोरगा खचला, असे घरच्यांना वाटले असे सांगतात. पण आत पिंपाच्या फळ्या तासून गुडघ्यात बिजागरी असलेला पाय आकार घेत होता, आणि काही महिन्यांनी तोच पाय लावून ते जिना उतरून खाली आले.

युद्धाने हजारो माणसे पांगळी केली होती. व्हर्जिनिया सरकारने त्यांच्यासाठी पाय बनवण्याचे काम हँगर यांच्याकडे सोपवले आणि स्टाँटन व रिचमंड येथे कारखाने निघाले. घोट्यात तातींऐवजी, म्हणजे आतड्यापासून केलेल्या दोऱ्यांऐवजी, रबराचे तुकडे बसवण्यासारख्या त्यांच्या सुधारणा मला फार मोलाच्या वाटतात, कारण दिवसभर असा पाय वागवणाऱ्यालाच त्यांची गरज कळणार. १८७१ साली त्यांना अमेरिकेचे पेटंट मिळाले.

पहिल्या महायुद्धात, सत्तरी ओलांडल्यावर, ते युरोपात गेले आणि इंग्लंड व फ्रान्सच्या जायबंदी सैनिकांसाठी पाय पुरवण्याचे काम घेऊन आले. १९१९ साली ते वारले तेव्हा लंडन आणि पॅरिसमध्येही त्यांच्या कंपनीच्या शाखा चालू होत्या.