स्टील काढली की जागा उरते

मंडळी, विषय पत्रिकेत छापलाय तोच: कॅनडाची गायिका शनाया ट्वेन कंट्रीतून, म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण ढंगाच्या लोकप्रिय संगीतातून, पॉपमध्ये गेली कशी. तिचा 'कम ऑन ओव्हर' हा अल्बम तुम्ही ऐकलेला आहे असं धरून चालतो. पण तिच्याकडे वळण्याआधी एका वाद्याबद्दल बोलायलाच हवं, कारण या सगळ्या प्रवासात खरा अन्याय त्याच्यावर झाला. पेडल स्टील गिटार.

हवाईयन गिटार आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे: आडवी ठेवायची, तारांवरून पोलादी कांडी फिरवायची. पेडल स्टील तिचीच पुढची पिढी. चार पायांवर उभी, बहुधा दहा तारांची. डाव्या हातात कांडी, उजव्या अंगठ्यात आणि दोन बोटांत नख्या, डाव्या पायाखाली तीन पेडल, गुडघ्यांशी चार-पाच दांडे, उजव्या पायाखाली आवाज कमी-जास्त करायचं पेडल. कंट्रीचं माहेरघर नॅशव्हिल, तिथल्या ई-नाइन नावाच्या तारांच्या जुळणीत सा-ग-प मिळतो. आता पहिली दोन पेडलं एकदम दाबा. कांडी जागची हलत नाही. सा आहे तिथेच, ग सरकत म होतो, प सरकत ध. एक सूर स्थिर आणि त्याच्या अंगाखांद्यावर दोन मींडी, एकाच वेळी! मींडीवर वाढलेल्या आपल्या कानांना याचं अप्रूप वाटायलाच हवं.

मागून प्रश्न आलाय, पेडल किती दाबायचं? तळाला टेकेपर्यंत. अर्धवट राहिलं की ते दोन सूर मधेच लटकतात आणि स्थिर तारेशी भांडू लागतात. नॅशव्हिलमध्ये प्रेमभंगाची बातमी गायिकेच्या आधी हेच वाद्य देतं, म्हणून ते सुरात असलेलं बरं!

आता मुद्दा. ही स्टील गायिकेच्या अंगावर वाजत नाही. ओळ संपते, गायिका श्वास घेते, तेवढ्यात ती उत्तर देते. अमेरिकेत कंट्री रेडिओला ते उत्तर हवं असतं, पॉप रेडिओला नको असतं. युरोपात तर कंट्री रेडिओचा आधारच तुटपुंजा. नुसती स्टील बंद केली तर प्रत्येक ओळीपाशी खड्डा पडतो. तो सलग सिंथेसायझरने बुजवला तर गाण्याला श्वासच राहत नाही.

चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं उरलीत. तर भराभर.

शनाया वाढली कॅनडातल्या टिमिन्स, ऑन्टारिओ इथे. 1987 मध्ये आई-वडील अपघातात गेले. भावंडांना सांभाळण्यासाठी ती डीअरहर्स्टच्या रिसॉर्टमध्ये गायली. 1993 चा पहिला अल्बम फारसा चालला नाही. त्याच वर्षी निर्माता मट लँगशी लग्न. एसी/डीसी आणि डेफ लेपर्ड या रॉक बँडांचे अल्बम घडवणारा हा माणूस, कोरसचे थरावर थर चढवण्यात वाकबगार. 1995 चा 'द वुमन इन मी' दोघांनी मिळून केला. मग नोव्हेंबर 1997, 'कम ऑन ओव्हर', सोळा गाणी. 1998 मध्ये परदेशांसाठी त्याचीच वेगळी आवृत्ती निघाली: फिडल (कंट्रीतलं व्हायोलिन) आणि स्टील काढलेली किंवा मागे सारलेली, कीबोर्ड आणि ड्रम पुढे. चाल तीच, गळा तोच. हे जमलं, कारण मुखडे आणि कोरस मुळातच रॉकच्या बांधणीचे होते; स्टील गेली तरी गाणं कोसळत नव्हतं. त्यातलं 'यूआर स्टिल द वन' अमेरिकेच्या कंट्री यादीत पहिलं आणि सर्व प्रकारच्या गाण्यांच्या हॉट 100 यादीत दुसरं आलं. जगभरात अल्बमच्या चार कोटींच्या आसपास प्रती खपल्या.

म्हणून तिने कंट्री सोडलं असं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. 2002 च्या 'अप!'मध्ये तर एकोणीस गाणी तीन रंगांत आली: हिरवी तबकडी कंट्री, लाल पॉप, आणि निळी भारतीय ढंगाची, बर्मिंगहॅमच्या सायमन आणि डायमंड दुग्गल या भावांच्या साथीने. घरी गेल्यावर एकच गाणं तिन्ही तबकड्यांवर लावा. शब्दांकडे लक्ष देऊ नका. ओळ संपली की तिथे कोण बोलतं, तेवढंच ऐका.