व्हिडिओ कॉलवर खरा माणूस एकच होता

२०२४ ची सुरुवात, हाँगकाँग. आरप नावाची मोठी इंजिनिअरिंग कंपनी आहे, तिथल्या ऑफिसात पैशांचे व्यवहार बघणाऱ्या एका कर्मचाऱ्याला कंपनीच्या सीएफओच्या, म्हणजे आर्थिक व्यवहारांच्या मुख्य अधिकाऱ्याच्या नावाने मेसेज आला, एक व्यवहार गुपचूप करायचाय म्हणून. त्याला शंका आली, आणि अगदी बरोबर आली. मग त्याला व्हिडिओ कॉलवर घेतलं. समोर सीएफओ, ओळखीचे सहकारी, तेच चेहरे, तेच आवाज, झालं, शंका गेली. १५ वेळा मिळून सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवून झाले आणि नंतर मुख्य ऑफिसात विचारल्यावर कळलं की त्या कॉलवर खरा माणूस हा एकटाच, बाकी सगळे डीपफेक, म्हणजे एआयने बनवलेले खोटे चेहरे आणि आवाज.

असं ऐकलं की आपण लगेच म्हणतो, एवढं कसं कळलं नाही? अहो, कळलं होतं की! घोळ एवढाच झाला की ज्यांच्यावर संशय होता त्यांनीच ठरवलेल्या कॉलवर जाऊन खात्री करून घेतली.

ऑनलाइन फसवणुकीचे प्रकार ढीगभर आहेत आणि रोज नवीन येतात. प्रत्येकात फक्त एवढं बघा, खात्री करायचा रस्ता तुम्हाला कोण दाखवतंय.

सगळीकडे चालणारा प्रकार म्हणजे फिशिंग. खातं बंद होणार, पार्सल अडकलंय, पासवर्ड एक्स्पायर होतोय, आणि खाली लिंक. उघडलं की हुबेहूब बँकेचं पान. आता पत्ता कसा वाचायचा ते जरा नीट बघू, कारण हे कुणी शिकवतच नाही. स्क्रीनवर बघा: माझीबँक डॉट कॉम डॉट खातेतपासणी डॉट नेट, मग तिरकी रेघ, पुढे काहीबाही. आपली नजर माझीबँक डॉट कॉमवरच थांबते आणि त्यांना तेच हवं असतं. सुरुवातीचं एचटीटीपीएस आणि त्याला लागून असलेल्या दोन तिरक्या रेघा सोडा, त्यानंतरची पहिली तिरकी रेघ शोधा आणि तिथून उलटं, डावीकडे वाचत या. पहिले दोन तुकडे, म्हणजे खातेतपासणी डॉट नेट, हा खरा मालक. डॉट को डॉट यूकेसारखं काही असेल तर तीन तुकडे. त्याच्या डावीकडे तो वाट्टेल ते लिहू शकतो, तुमच्या बँकेचं नावसुद्धा. आणि ते कुलपाचं चिन्ह? मधल्या वाटेत कुणी वाचत नाहीये एवढंच ते सांगतं, चोराच्या साइटलाही फुकटात मिळतं. पासवर्ड मॅनेजर, म्हणजे पासवर्ड लक्षात ठेवून आपोआप भरणारं ॲप वापरत असाल आणि तो नेहमीसारखा पासवर्ड भरत नसेल तर वैतागून हाताने टाइप करू नका, बहुतेक वेळा त्याने पत्ता तुमच्यापेक्षा नीट वाचलेला असतो.

ओटीपी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. खोट्या पानावर तुम्ही टाकलेला ओटीपी पलीकडे लगेच खऱ्या साइटवर टाकला जातो. पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी फोनच्या लॉकने लॉगिन करायची पद्धत, मात्र ज्या साइटसाठी बनवली तिथेच चालते, सोय असेल तिथे चालू करून टाका.

हे फक्त भोळ्याभाबड्यांचं होतं असं वाटत असेल तर हे ऐका. २०१३ ते २०१५ या काळात लिथुआनियाच्या एव्हाल्दास रिमासाउस्कासने गूगल आणि फेसबुकला कॉम्प्युटरचा माल पुरवणाऱ्या तैवानच्या क्वांटा कंपनीच्याच नावाची कंपनी लॅटव्हियात काढली आणि त्या दोघांना बिलं पाठवली. त्यांनी भरली! १२ कोटी डॉलरच्या वर. २०१९ मध्ये त्याला ५ वर्षांची शिक्षा झाली. म्हणून 'आमचा अकाउंट नंबर बदललाय' असा ईमेल आला की त्यातल्या नंबरवर नाही, आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन.

लॉटरी लागली, वारसा मिळतोय, आधी फी भरा, हे तर १९ व्या शतकात 'स्पॅनिश कैदी'च्या नावाने पत्रांतून चालायचं, त्यात नवीन काही नाही. सपोर्टवाला म्हणून फोन करून स्क्रीन शेअर करायचं ॲप टाकायला सांगतात, तिथे फोन कट.

माझ्या मते सगळ्यात क्रूर प्रकार मैत्री करून गुंतवणूक करायला लावण्याचा. महिनोनमहिने गप्पा, काळजी, प्रेम, आणि मग सहज बोलता बोलता एक ट्रेडिंग ॲप. थोडे पैसे घातले, वाढले, काढून बघितले तर निघालेसुद्धा! तिथेच माणूस अडकतो, कारण त्याला वाटतं आपण तपासून बघितलंय. पण ॲप त्यांचं, स्क्रीनवरचे आकडे त्यांचे, काढू दिलेले पैसेही त्यांचं आमिषच. मोठी रक्कम काढायला गेलात की आधी टॅक्स भरा, मग कसली तरी फी, मग अजून काहीतरी.

पैसे गेलेच तर लाज वाटून गप्प बसू नका, पहिला फोन बँकेला, आणि तोही कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर, सर्चमध्ये वर दिसलेल्या नंबरवर नाही, कारण तिथेही खोटे नंबर असतात. मग पोलीस. चॅट, नंबर, व्यवहाराच्या पावत्या यांचे स्क्रीनशॉट आधी काढा, ब्लॉक नंतर. आणि पुढे कधीतरी 'तुमचे बुडालेले पैसे मिळवून देतो, थोडी फी लागेल' असा फोन येऊ शकतो. फसलेल्या लोकांच्या याद्या विकल्या जातात, कधी तीच टोळी नवं नाव घेऊन येते, तेव्हा त्याला एक पैसाही देऊ नका.