लुटुपुटूचं जग, खरे हिशेब

[पडद्यावर: हिरवं सपाट मैदान, मोजक्या पांढऱ्या रेषा, खाली विमानाच्या कॉकपिटमधल्या तबकड्या]

एक छोटं विमान धावपट्टीवर उभं आहे. इंजिन चालू आहे. चार-दोन उभ्या चौकोनांचं शिकागो शहर समोर दिसतं, शेजारी मिशिगन सरोवर. खेळ केव्हाच सुरू झालाय, पण काही घडत नाही. शत्रू चालून येत नाही. आता काय करायचं, तेही कुणी सांगत नाही. तुम्ही थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर वाढवणारा दांडा, पुढे सरकवेपर्यंत विमान जागचं हलणार नाही.

साल १९८२. आयबीएम पीसीसाठी मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरची पहिली आवृत्ती आली. तिच्यातलं उड्डाण सुरू व्हायचं मेग्ज फील्ड नावाच्या लहानशा विमानतळावरून. शिकागोत खरोखरच असलेला, सरोवराला खेटून एकच धावपट्टी असलेला विमानतळ.

हा खेळ लिहिणारे ब्रूस आर्टविक. इलिनॉय विद्यापीठातला त्यांचा १९७५चा प्रबंध याच विषयावर होता: विमानातून दिसणारं हलतं दृश्य संगणकाकडून कसं काढून घ्यायचं. पुढे त्यांनी ते ॲपल टू या घरगुती संगणकावर आणलं, आणि तिथून पीसीवर. त्या पीसीला ६४ किलोबाइट मेमरी असली तरी खेळ चालायचा. आज मोबाइलवर काढलेला एक साधा फोटोसुद्धा त्यापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो.

इतक्या जागेत जग बसवायचं तर कात्री लावावीच लागते. आर्टविक यांनी ती कुठे लावली हे बघण्यासारखं आहे. झाडं गेली, घरं गेली, रस्त्यावरची माणसं गेली. पण पंखांखालची हवा त्यांनी ठेवली. वेग फार कमी झाला की पंख विमानाला उचलून धरेनासे होतात आणि नाक खाली जातं. हा खऱ्या वैमानिकाचा पहिला धडा त्या मोजक्या रेषांच्या जगातही तसाच होता. चित्र ओबडधोबड, पण हिशेब खरा.

मला वाटतं, सिम्युलेशन खेळांचं, म्हणजे खऱ्या जगाची नक्कल करणाऱ्या खेळांचं, मर्म इथेच आहे. मराठीत आपण ‘लुटुपुटूचं’ म्हणतो. लुटुपुटूच्या लढाईत तलवार लाकडी असते, पण वार आणि बचाव यांचे नियम खरे असतात. असा खेळ समोर आला की मी आधी एकच विचारतो: करणाऱ्याने काय मोजलंय, आणि काय मोजायचं सोडून दिलंय?

हा प्रश्न घरगुती संगणकांपेक्षाही जुना आहे. १९६४ साली अमेरिकेत मेबल ॲडिस या शाळेतल्या शिक्षिकेने आयबीएमच्या अवाढव्य संगणकासाठी एक खेळ रचला. विद्यार्थी प्राचीन सुमेरचा राजा व्हायचा आणि धान्याचा कारभार बघायचा. त्याच कल्पनेतून पुढे हम्मुराबीचा छोटा खेळ आला. बेसिक या संगणकाच्या भाषेतला त्याचा मजकूर पुस्तकात छापला गेला आणि लोक तो ओळ न् ओळ घरच्या संगणकात टंकत बसले. सुरुवातीला शंभर माणसं, हजार एकर जमीन आणि कोठारात २,८०० बुशेल धान्य (बुशेल हे धान्य मोजायचं तिकडचं माप). माणशी वर्षाला २० बुशेल लागतात. पेरायला किती, खायला किती, जमीन घ्यायची की विकायची, एवढंच ठरवायचं. आणि पहिल्याच वर्षाच्या अहवालात लिहिलेलं असायचं: उंदरांनी २०० बुशेल खाल्ले.

ते उंदीर मला फार महत्त्वाचे वाटतात. एका पानाच्या प्रोग्रॅममध्ये राजवाडा नाही, सैन्य नाही, देवळं नाहीत. पण उंदीर आहेत. धान्य साठवलेल्या कोणत्याही माणसाला विचारा, जग खरं वाटायला आधी काय हवं ते.

[पडद्यावर: काळ्या आकाशात फिरणाऱ्या रेषांची अंतराळयानं]

१९८४ साली ब्रिटनमध्ये डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल या दोन विद्यार्थ्यांनी बीबीसी मायक्रो संगणकासाठी ‘एलीट’ हा अंतराळातल्या व्यापाराचा खेळ केला. संगणकाची मेमरी ३२ किलोबाइट. खेळात आठ आकाशगंगा आणि प्रत्येकीत २५६ ग्रह. एवढे ग्रह साठवायला जागाच नव्हती, म्हणून त्यांनी ते साठवलेच नाहीत. सहा बाइटांचं एक बीज घेतलं, आणि त्यातून प्रत्येक ग्रहाचं नाव, तिथलं राज्य, तिथली अर्थव्यवस्था दर वेळी गणिताने उगवून यायची. बीज तेच, म्हणून ग्रह तोच. प्रकाशकाने आवरलं नसतं तर दोघे कोट्यवधी आकाशगंगा देणार होते!

पण माझं मन सर्वांत जास्त रमतं ते शहरात.

[पडद्यावर: वरून दिसणारा नकाशा, रस्ते, हिरवे, निळे आणि पिवळे चौकोन]

विल राइट १९८४ साली हेलिकॉप्टरमधून बेटांवर बॉम्ब टाकण्याचा एक खेळ तयार करत होते. त्यासाठी बेटं आखायला त्यांनी एक साधन बनवलं आणि त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला बेटं उडवण्यापेक्षा वसवण्यातच जास्त गोडी वाटते आहे. त्या साधनातून शहर वसवण्याचा खेळ ‘सिमसिटी’ जन्मला. खेळात जिंकणं-हरणं नाही म्हणून प्रकाशक बिचकले. शेवटी राइट यांनी जेफ ब्राउन यांच्यासोबत मॅक्सिस ही कंपनी काढली, आणि १९८९ साली खेळ लोकांपुढे आला.

निवासी, व्यापारी, औद्योगिक असे तीन प्रकारचे पट्टे तुम्ही आखता. घरं तुम्ही बांधत नाही, ती आपोआप उभी राहतात किंवा राहत नाहीत. आत कुणी नागरिक नाहीतच. रस्त्यावर पळणाऱ्या गाड्या म्हणजे नुसती हलती चित्रं. खालचा हिशेब वेगळाच चालतो: या घरांच्या चौकोनातून निघून ठरावीक अंतरात कामाचं ठिकाण सापडतं का? सापडलं तर वस्ती वाढते. गुन्हेगारी किती, तर दाटी, जमिनीचा भाव आणि पोलीस चौकी किती जवळ, यांच्या गणितावरून. शहराचं शहर अशा एकमेकांत गुंतलेल्या आकड्यांवर उभं असतं. एक दोरा ओढला की दूरचा कोपरा आवळला जातो.

ही रीत राइट यांनी एमआयटी या अमेरिकेतल्या तंत्रविद्यापीठातले अभियंते जे फॉरेस्टर यांच्याकडून घेतली. फॉरेस्टर यांनी १९६९ साली अख्ख्या शहराचं गणिती प्रारूप मांडलं होतं. स्वस्त घरं बांधण्याच्या योजनांनी शहराचं नुकसान होतं, असा त्यातून निष्कर्ष निघत होता, आणि त्यावर कडाडून टीकाही झाली. समीकरणं कुणाची, तर ज्याने लिहिली त्याची. त्याला जग जसं दिसलं तसं ती बोलतात.

सिमसिटीतही हे दिसतं. रेल्वेला प्रदूषण नाही आणि कोंडीही नाही, म्हणून खेळाडूंनी एकही रस्ता न बांधता नुसत्या रुळांची शहरं वसवली आणि ती सुखाने नांदली. मालिकेतल्या तिसऱ्या खेळात तर एका विद्यार्थ्याने जवळपास चार वर्षं घालवून ६० लाख वस्तीचं शहर रचलं. रस्ता नाही, फक्त भुयारी रेल्वे. सगळीकडे पोलीस. एकसारख्या इमारती नक्षीकामासारख्या मांडलेल्या, आणि नागरिकांचं आयुष्य पन्नाशीतच संपणारं. आकड्यांच्या भाषेत ते शहर यशस्वी होतं. ते बघताना अंगावर काटा येतो. खेळाने वस्ती मोजली होती, जगण्याची गोडी मोजली नव्हती, आणि त्या मुलाने नेमकी तीच फट शेवटपर्यंत उकलून दाखवली.

आणखी एक गाळलेली गोष्ट, जी मला कायम आठवते. २०१३च्या सिमसिटीसाठी मुख्य रचनाकार स्टोन लिब्रांडे यांनी खरी शहरं मोजायला घेतली, तेव्हा पार्किंगने केवढी जमीन व्यापलेली असते हे पाहून ते चक्रावले. दुकानापेक्षा दुकानासमोरचं आवार मोठं. तेवढं सगळं दाखवलं तर शहर ओसाड दिसेल, म्हणून त्यांनी मनाशी ठरवलं की पार्किंग सगळं जमिनीखाली आहे. पडद्यावरची शहरं इतकी सुंदर का दिसतात, याचं एक उत्तर तिथे पुरलेलं आहे.

२००८ साली मूळ सिमसिटीचा कोड ‘मायक्रोपोलिस’ या नावाने खुला झाला. आता कुणीही तो उघडून वाचू शकतं. खरं तर प्रत्येक जुन्या सिम्युलेशनचं असं व्हायला हवं.

१९९१ साली ओकलंडच्या टेकड्यांवर वणवा पेटला, त्यात राइट यांचं घर जळालं. संसार पुन्हा उभा करताना कोणती वस्तू खरंच लागते, कोणती उगाच होती, याचा विचार त्यांच्या डोक्यात घोळत राहिला. त्यातून २००० साली ‘द सिम्स’ आला, घरातल्या माणसांचं रोजचं जगणं चालवण्याचा खेळ. त्यातली युक्ती फार सुरेख आहे. आपल्याला वाटतं, पडद्यावरचा माणूस विचार करून फ्रिजकडे जातो. तसं नसतं. फ्रिजच हाका मारत असतो: माझ्याकडे ये, भूक भागेल. पलंग म्हणतो, थकवा जाईल. टीव्ही म्हणतो, मन रमेल. ज्याची गरज सर्वांत तीव्र, त्याच्या हाकेला माणूस ओ देतो. शहाणपण माणसात नाही, वस्तूंमध्ये भरलेलं आहे. नवी वस्तू घरात आणली की ती आपली हाक सोबत घेऊनच येते, माणसाला वेगळं काही शिकवावं लागत नाही. घर सोडताना आपण नकळत फोन उचलतो ना, तेव्हा मला हा खेळ आठवतो.

ख्रिस सॉयर यांचा १९९९चा ‘रोलरकोस्टर टायकून’ हा पाळण्यांची करमणूक-बाग चालवण्याचा खेळ जवळजवळ सगळा असेंब्ली भाषेत, म्हणजे प्रोसेसरच्या अगदी जवळच्या बोलीत लिहिलेला. म्हणून त्या काळच्या साध्या मशीनवरही बागेत शेकडो माणसं फिरायची, आणि प्रत्येकाची भूक, खिशातले पैसे आणि मळमळ वेगळी मोजलेली असायची.

सगळ्यांचं सगळं मोजायचं ठरवलं तर काय होतं? ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’ हा दोन भावांनी २००६ साली लोकांसमोर ठेवलेला, बुटक्या लोकांची वसाहत सांभाळण्याचा खेळ त्याचं उत्तर देतो. त्यात प्रत्येक अवयव, प्रत्येक जखम, अंगावर सांडलेला प्रत्येक द्रव नोंदलेला असतो. २०१५ साली खेळात मद्यालयं आली आणि खेळाडूंच्या मांजरी अचानक मरू लागल्या. कारण शोधताना उलगडलं ते असं: बुटके लोक दारू सांडतात. मांजरी त्यातून चालतात, पंजे माखतात. मांजरी अंग चाटून स्वच्छ करतात. आणि चाटताना पोटात गेलेला थेंब खेळ एक पूर्ण पेला धरतो. चूक होती ती शेवटच्या एकाच आकड्यात. बाकीची साखळी कुणी मुद्दाम लिहिली नव्हती, ती नियमांतून आपोआप जुळली होती.

फिनलंडच्या कोलॉसल ऑर्डर या डझनभर माणसांच्या कंपनीने २०१५ साली ‘सिटीज: स्कायलाइन्स’ आणला, त्यातही असंच झालं. इथे नागरिकाला घर आहे, नोकरी आहे, वय आहे. नवी वसाहत एकदम भरली की तिथे सगळे एकाच वयाचे येतात. मग काही वर्षांनी सगळे एकदमच मरतात. शववाहिका रस्त्यात अडकतात, आणि भरभराटीचं शहर आठवड्यात रिकामं होतं. खेळाडू याला ‘मृत्यूची लाट’ म्हणतात. उपाय एकच, वस्ती हळूहळू वाढवायची.

[पडद्यावर: निळ्या ग्रहाभोवती वक्र रेषा, तिच्यावर सरकणारा ठिपका]

शिकवण्याच्या बाबतीत मात्र मी सर्वांत वरचं स्थान मेक्सिको सिटीत तयार झालेल्या ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’ या अंतराळयानं उडवण्याच्या खेळाला देतो. तुमचं यान ग्रहाभोवती फिरतंय. त्याच कक्षेत, थोडं पुढे, दुसरं यान आहे. त्याला गाठायचंय. साहजिकच तुम्ही इंजिन पेटवून वेग वाढवता. आणि मागे पडता! वेग वाढला की कक्षा मोठी होते, फेरीला जास्त वेळ लागतो. पुढच्याला गाठायचं तर वेग कमी करायचा, म्हणजे कक्षा लहान होते आणि फेरी लवकर पुरी होते. हे वाचून पटत नाही. दहा वेळा चुकून हाताला कळतं, आणि मग कधीच विसरत नाही.

कात्री इथेही आहे. त्यांचा ग्रह पृथ्वीच्या साधारण एक दशांश त्रिज्येचा, आणि यानावर एका वेळी एकाच गोलाचं गुरुत्व चालतं. त्यामुळे दोन गोलांच्या ओढीत तोलून राहणारे ते खास बिंदू, जिथे आज खऱ्या दुर्बिणी ठेवल्या जातात, या खेळात नाहीत. ही तडजोड मला मान्य आहे. तिच्यामुळेच घरच्या संगणकावर कक्षा अचूक आणि स्थिर राहते.

आता परत विमानात बसू.

फ्रान्समधल्या असोबो स्टुडिओने २०२० साली नवा मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर केला, तेव्हा अख्खी पृथ्वी त्यात होती. दोन पेटाबाइटांहून (एक पेटाबाइट म्हणजे दहा लाख गिगाबाइट) अधिक माहिती सर्व्हरवर, आणि तुम्ही जिथे उडता तेवढीच तुमच्या घरी येणार. इमारती कुणी हाताने बांधल्या नव्हत्या. उपग्रहाची चित्रं आणि स्वयंसेवकांनी भरलेले नकाशे यांवरून प्रोग्रॅमने त्या उभ्या केल्या. मेलबर्नच्या बैठ्या घरांच्या वस्तीत मात्र सुईसारखा एक मनोरा ढगांत गेलेला दिसला. कुणीतरी नकाशात मजल्यांचा आकडा २ऐवजी २१२ भरला होता. प्रोग्रॅमने विश्वास ठेवला आणि २१२ मजले चढवले. लोक मुद्दाम विमानं घेऊन तो बघायला जाऊ लागले.

मेग्ज फील्डचं काय झालं? ३० मार्च २००३च्या रात्री शिकागोच्या महापौरांच्या आदेशाने बुलडोझर आले आणि त्यांनी धावपट्टीवर मोठमोठ्या फुल्या खोदल्या. विमानतळ संपला. आज तिथे उद्यान आहे. खेळाच्या २००६च्या आवृत्तीतूनही तो गेला. पण ज्यांनी पहिलं उड्डाण तिथूनच केलं होतं, त्यांना ते सोसेना. त्यांनी तो पुन्हा रचून एकमेकांना वाटला. आणि २०२२ साली, खेळाला चाळीस वर्षं झाली तेव्हा, निर्मात्यांनी स्वतःच तो परत आणला.

[पडद्यावर: धावपट्टी ३६. डावीकडे शहर, उजवीकडे पाणी]

विमानाचं तोंड उत्तरेला आहे. इंजिन चालू आहे.